कोरी

मेळ्याचं उद्घाटन उद्या. आज दोरी बांधलेली, प्रवेश बंद.
मला सोडलं, कारण माझ्या डोक्यावर
निळ्या रेक्झिनच्या गाद्या होत्या
आणि तोमर चौकीदाराच्या स्कूटरची सीट
मीच शिवलेली.

ट्रॅक्टरांच्या पलीकडे, आकाशपाळण्याच्या अलीकडे
ताडपत्रीखाली पाच होड्या.
ग्वाल्हेरात होड्या!
जिथं पाणीच एक दिवसाआड येतं,
तेही तिघऱ्याहून, नळानं.

लोटलीकरांनी ताडपत्री ओढली
तेव्हा तिच्यावरचं दंव आधी त्यांच्याच बुटांवर सांडलं.
"बाई, गावात पहिल्या तुम्हीच बघताय."
त्यांचं मराठी गोव्याकडचं, हेल काढत येणारं.
माझं लष्करातलं, हिंदीच्या शेजारात वाढलेलं.
दोघांनाही वाटलं, समोरच्याचं जरा बिघडलंय.

एक पिवळी, दोन पांढऱ्या,
एक पायडलची, बदकाच्या तोंडाची,
आणि ही, माझ्या गाद्यांची,
बारा फुटी, दोन वल्ह्यांची. "एकदम कोरी."
ट्रॉलीवर चढवल्यामुळे तिचं पोट दिसत होतं.
एरवी ते माशांनाच दिसत असणार.
मी पेरानं वाजवून पाहिलं,
माठ घेताना वाजवतो तसं.
"किती अॅव्हरेज देते?" इम्रतनं विचारलं.
"तुझ्या दंडात असेल तेवढं," मी म्हटलं.

चपला काढून आत चढले. भक्तीनं नव्हे,
रंग ओला वाटला म्हणून.
मागच्या फळीखाली आकडा अडकवायला
हात कोपरापर्यंत घातला
तर बोटाला खरखर लागली.
मोबाइलचा टॉर्च धरला.
लुकण भरलेली दोन भोकं,
जिथं कधी तरी नंबराची पट्टी असणार.
कोपऱ्यात पांढरा ओघळ.
आणि एक खवला, टिकलीएवढा.
ओघळ जिभेला लावून पाहिला.
खारट.

समुद्र मी पाहिलेला नाही.
साठीत, जानेवारीच्या गारठ्यात, मेळ्याच्या मैदानात
तो असा नखभर आला.

लोटलीकर शेकोटीशी हात चोळत होते.
त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शेकोटीकडे.

चाळीस वर्षांपूर्वी जनकगंजातल्या बैठकीत
माझ्या मामानं दिव्याची वात जरा बारीक केली होती.
वीज गेलेली, ते बरंच झालं.
म्हणाला होता, मुलगी अगदी पहिलीच सोयरीक बघतेय.
जळगावचं दीड वर्ष कोणी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
नवं लुगडं, नवं नाव,
आणि कपाळ मात्र तेच.

"एक बादली पाणी आणा," मी म्हटलं.
"कशाला?"
"आणा तर."
तोमरनं कुरकुरत आपल्या वाटणीची दिली.
मी ती आत ओतली,
मागच्या फळीपाशी, जिथं भोकं होती तिथं.
आणि आम्ही चौघं चहा प्यायलो,
न बोलता, सावकाश,
कोणाच्या घरी तापातलं मूल झोपलंय अशासारखं.
मग मी खाली वाकून
तिच्या पोटावरून हात फिरवला,
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कोरडी.

त्या अर्थानं कोरी, मी मनात म्हटलं.
बादली फडक्यानं टिपून तोमरला परत.
दोन गाद्या बसवल्या. तिसरी उसवली,
खवला आत ठेवला, दुहेरी दोऱ्यानं टाके घातले.
लोटलीकरांनी मजुरीवर शंभर जास्त दिले.
मी ते सुटे करून पन्नास परत केले.
का, ते मला अजून नीट सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहज गेले.
ही गर्दी! एक जण विचारत होता,
हिच्यावरही रोड टॅक्सची सूट आहे का.
मधल्या गादीवर नवं जोडपं फोटो काढत बसलेलं,
ती दोन्ही हातांनी काठ धरून,
जसं काही खाली पाणी आहे.

मी थांबले नाही.
थंडीत सॉफ्टी खायची सवय आहे मला.
रांग मोठी होती.